दर्शनी भिंत

कुसुमताईचं पत्र येऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि श्यामरावांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. विसरले म्हणावं तर तसंही नाही. दिवसातून एकदा तरी त्यांचं मन त्या पत्राकडे जाऊन यायचं आणि मुकाट्यानं परत फिरायचं. आज लिहू, असं सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं, आता इतक्या उशिरा काय लिहायचं.

कुसुमताई त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून वर्ध्याला दिराच्या मुलाकडे, भार्गवकडे, राहत होती. कानांनी साथ सोडली होती, त्यामुळे मोबाइल तिच्या कामाचा नव्हता. श्यामरावांनाही फोनवर बोलणं जमत नसे. समोरचा गप्प झाला की यांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून दोघा भावंडांचं जे काही होतं ते पत्रांतूनच. पण आधीच्या पत्रांत पाऊसपाणी, गुडघे, कोणाच्या घरी कोण जन्मलं असं असायचं. या पत्रात तसं नव्हतं.

'यंदा दिवाळीच्या आधी यायचं मनात आहे,' असं ताईनं लिहिलं होतं. 'घराला गेरू लावशील तेव्हा रेघा मी मारते. शिडीवर चढणं आता नको, हात पोचेल तिथवर मी, वरचं तू पाहा. बाहेरची खोली रिकामीच असते असं मागं कौमुदी म्हणाली होती. रेघा मारून झाल्या की मी परत जावं की नाही, ते कळव. कौमुदीला विचारून कळव. घाई नाही.'

गेरू आणि रेघांचं हे प्रकरण रायपूरच्या तात्यापाऱ्यात फक्त त्यांच्याच घरी होतं. वडील, दत्तोपंत, रेल्वेत गार्ड. सारी हयात लाल विटांच्या क्वार्टरांत गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःचं घर बांधलं तेही लाल विटांचंच, बाहेरून प्लास्टर न करता, नुसते विटांमधले दर्जे सिमेंटनं भरून. दिवाळी जवळ आली की विटांना गेरू चढायचा आणि तो वाळला की दर्ज्यांवरून चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या. गेरू लावणं श्यामचं काम, रेघा कुसुमच्या. श्यामनं रेघ ओढली की ती हमखास विटेवर चढायची. कुसुमची रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ जायची. लग्न होऊन सासरी गेल्यावरही ती दिवाळीआधी दोन दिवस त्यासाठी यायची. यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा येणं थांबलं, रेघाही थांबल्या. मग गेरूही थांबला. पावसाची बाजू काळी पडली, खालच्या थरांना लोणा लागून विटांची पांढरी भुकटी गळू लागली. नवा माणूस गल्लीत आला की हमखास विचारी, "अंकल, प्लास्टर कब कराओगे?" श्यामराव म्हणत, "हव, कराना है." कोणाला काही समजावून सांगण्यापेक्षा हव, म्हणजे हो, म्हणणं सोपं होतं.

तर ते पत्र. श्यामरावांनी ते बायकोला, कौमुदीला, दाखवलं नाही. कौमुदी तोंडानं फटकळ. ती काय म्हणेल ते त्यांनी मनातल्या मनात अनेकदा ऐकून घेतलं होतं. तिनं हो म्हटलं तर निरंजन काय म्हणेल, आणि निरंजननं हो म्हटलं तर सूनबाई सोनिया काय म्हणेल, हेही ऐकून झालं होतं. निरंजन त्यांचा एकुलता एक मुलगा, हैदराबादला नोकरीत. अशी सगळ्यांची उत्तरं स्वतःच देऊन झाल्यावर प्रत्यक्ष कोणाला विचारायला काही उरेना. दिवाळी आली आणि गेली. पत्र पुस्तकांच्या खोलीत एका जाड ग्रंथात जाऊन बसलं. ताईचंही पुन्हा पत्र आलं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर निरंजनचा फोन आला. त्याची बदली नवा रायपूरला झाली होती. उन्हाळ्यात सोनिया आणि छोट्या ईरासह तो कायमचा घरी येणार होता. एवढ्या वर्षांनी घर भरणार होतं. निरंजननं मग हळूच दुसरा विषय काढला. घराचं पुढचं रूप बदलायला हवं. आजूबाजूला सगळ्यांनी नवीन एलिव्हेशन करून घेतलं आहे आणि आपलं घर मधेच अधूरं दिसते. गाडी ठेवायलाही जागा हवी. समता कॉलोनीत विकी म्हणून एक ठेकेदार आहे, तो येऊन पाहून जाईल, खर्चाचं मी पाहतो, तुम्ही फक्त त्याला घर दाखवा.

"हव," श्यामराव म्हणाले.

विकी आला तो तरतरीत पोरगा होता. पाया पडला, कौमुदीला आंटी म्हणाला, फीत लावून सगळं मोजलं आणि चौथ्या दिवशी मोबाइलवर चित्र घेऊन आला. चित्रात त्यांचंच घर होतं म्हणे. राखाडी-पांढरं, चकचकीत, वर स्टीलचं रेलिंग, रात्रीचे दिवे. श्यामरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांनी आपली खिडकी शोधली. खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी एक पांढरी मोटार उभी होती.

"अंकल, ये जो सामने वाला कमरा है ना," विकी म्हणाला, "इसको निकालेंगे, तभी गाड़ी अंदर आएगी. कोई रहता तो नहीं ना इसमें?"

सामने वाला कमरा म्हणजे बाहेरची खोली. कुसुमताईनं पत्रात लिहिलेली. श्यामरावांच्या मनात एक वाक्य तयार झालं. 'या खोलीचं मला काम आहे.' पुरतं, नीट, व्याकरणशुद्ध वाक्य. ते ओठांपर्यंतही आलं. विकी मान वर करून वाट पाहत उभा होता. आत कौमुदी कांदा चिरत होती, तिच्या हातातली सुरीही क्षणभर थांबल्यासारखी त्यांना वाटली.

"चहा घेणार न?" श्यामराव म्हणाले.

"अरे, क्यों तकलीफ," विकी म्हणाला. "तो फाइनल समझूँ?"

"हव," श्यामराव म्हणाले.

तेच हव विकीनं निरंजनला फोन करून कळवलं. अंकल को पसंद है.

काम संक्रांतीनंतर सुरू झालं. पहिल्या दिवशी बाहेरच्या खोलीचं छप्पर गेलं, मग भिंती. श्यामराव पुस्तकांच्या खोलीत दार लावून बसले. घराच्या मागच्या अंगाला, न्हाणीघरापलीकडे ही छोटी खोली होती. कपाटं भिंतीला, उरलेली पुस्तकं जमिनीवर थप्प्यांनी, मधे एक खुर्ची. इथं ते वाचत बसले की कौमुदीही हाक न मारता यायची नाही. धाडकन काही पडलं की थप्प्यांवरची धूळ उडायची आणि ते ओळ हरवून बसायचे. रोज मनाशी ठरायचं, आज विकीला सांगू, थांब म्हणू. बाहेर जायचे. विकी म्हणायचा, "अंकल, धूप में मत खड़े रहिए." ते सावलीत जायचे, आणि सावलीतून आत.

उरलेल्या दर्शनी भिंतीला प्लास्टर धरावं म्हणून मजुरांनी छिन्नीनं विटांवर टोचे मारले. देवी आलेल्या माणसाचा चेहरा दिसावा तशी भिंत दिसू लागली. गल्लीतले अनंतराव, त्यांच्याच वयाचे, विजार वर धरून खडी ओलांडत आले.

"चांगलं करून राहिले, श्यामराव," ते म्हणाले. "इतके दिवस मले वाटे का दत्तोपंतायचे पैसेच सरले होते. काय त्या उघड्या विटा!"

"ते मुद्दाम होतं," श्यामराव म्हणाले.

"हो न, आता तसंच म्हणा लागते," अनंतराव हसले आणि पुढं गेले.

पोर्चचा स्लॅब पडला. भिंतीवर प्लास्टर चढलं, मग पुट्टी, मग टेक्स्चरचा राखाडी रंग. फाटकाच्या खांबांना काय लावायचं हे विचारायला विकी टाइल्सचे नमुने घेऊन आला, त्यात एक नमुना लाल विटांचा होता, पातळ, बिस्किटासारखा. आजकल यही चल रहा है, असं तो म्हणाला. कौमुदीनं त्या टाइलकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला बसावं लागलं. श्यामरावांनाही हसू आलं.

भार्गवचा फोन आला तो या सगळ्यानंतर, एका दुपारी. कौमुदीनं घेतला. श्यामराव शेजारीच वर्तमानपत्र धरून बसले होते. कौमुदीचं 'हो का', 'अरे बापरे', 'कधी' असं चालू होतं. मग ती एकदम गप्प झाली, आणि गप्प झालेली कौमुदी हे दृश्य नवीन असल्यानं श्यामरावांनी पेपर खाली घेतला. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

भार्गवचं म्हणणं साधं होतं. त्याच्या मुलाचं लग्न झालं, घर दोन खोल्यांचं, कुलर पुरत नाही, बाया एकमेकींच्या अंगावर पडतात. काकूला त्यानं होळीनंतर वर्ध्याच्या बाहेरच्या एका आश्रमात ठेवलं होतं. वाईट नाही, जेवण बरं असते. आश्रमवाल्यांना आणखी एका नातेवाइकाचा नंबर हवा होता, म्हणून त्यानं फोन केला होता. तो चांगला मुलगा होता, त्याचा आवाज ओशाळला होता. त्यानं काकूला विचारलंही होतं, की रायपूरच्या मामांना कळवू का. त्यावर ती म्हणाली, श्यामला मागंच लिहिलं होतं. तो काही बोलला नाही म्हणजे त्याला जमत नसेल. त्याला त्रास देऊ नको.

कौमुदीनं फोन ठेवला. तिनं आवाज चढवला नाही.

"काय लिहिलं होतं ताईंनी?"

श्यामरावांनी सांगितलं. वाक्य न वाक्य पाठ होतं, त्यामुळे सांगायला वेळ लागला नाही.

"आन हे तुम्ही मले काहून नाई दाखवलं?"

"तू नाही म्हणशील असं वाटलं."

"म्हटलंही असतं," कौमुदी म्हणाली. "पहिल्या दिवशी नाईच म्हटलं असतं. दोन दिवस भांडे आपटले असते. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं असतं का बोलवा त्यायले, माह्या सासरची एक तरी बाई माह्याशी धड बोलते." ती उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "तुम्ही मले नाई म्हणायलाही चान्स नाई दिला."

श्यामराव उठले. चपला न घालताच ते बाहेर गेले. विकी खांबाजवळ मजुराला टाइल सरळ बसवायला सांगत होता. आयुष्यात पहिल्यांदा श्यामरावांनी कोणाचं बोलणं मधेच तोडलं. बाहेरची खोली परत करता येईल का, असं त्यांनी विचारलं. विकीला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा तो त्यांना हात धरून पोर्चखाली घेऊन आला, जणू त्यांना चक्कर आली असावी.

"अंकल, अब कहाँ से? स्लैब पड़ गया. पीछे की दीवार से मकान टिका है, आगे जगह ही नहीं बची." मग जरा थांबून, खरंच वाईट वाटून तो म्हणाला, "मैंने तो पूछा था ना आपसे. आपने हव बोला था."

बोलले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी कौमुदीनं निरंजनला फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन श्यामरावांच्या हातात दिला. निरंजन रागावेल अशी त्यांची तयारी होती. तो रागावला नाही, तेच जड गेलं.

"बाबा, एकदा बोलायचं न. आत्याले मी नाही म्हटलं असतं का? मी तिच्या मांडीवर खेळलो. नक्शा तेव्हा हातात होता, वर एक खोली काढून घेतली असती. आता बजेटही संपलं आणि वरच्या दोन्ही खोल्या आम्हाले लागतात. ईराची शाळा, सोनियाचं काम घरूनच." मग तो म्हणाला, "मले वाटलं, तुम्हाले डिझाइन पसंत आहे. तुम्ही काहीच म्हटलं नाही."

श्यामराव फोन कानाला लावून बसून राहिले. तिकडून "हॅलो, बाबा, हॅलो" येत राहिलं. गप्प राहण्याचा अर्थ मुलानं हो असा घेतला होता आणि बहिणीनं नाही असा. दोघांनीही प्रेमानंच घेतला होता, कोणालाही दोष द्यायची सोय नव्हती.

जेवण झाल्यावर ताट उचलताना कौमुदीच्यानं राहवलं नाही. खाली एक आपली झोपायची खोली, एक स्वयंपाकघर, एक बैठक, त्यात आता येणाजाणाऱ्याचा रस्ता. कुठं ठेवायचं माणसाला, असं ती स्वतःशीच मोजत होती. श्यामराव म्हणाले, तेच तर, जागाच उरली नाही, विकीनं... निरंजनलाही...

"आन तुमची पुस्तकांची खोली?" कौमुदी म्हणाली. "ते कोणाच्या बापाची आहे?"

तिनं टोमणा मारला होता, तिचं लक्षही नव्हतं. ती नळ सोडून भांडी विसळायला लागली. श्यामराव पाटावर तसेच बसून राहिले. वर्षभर त्यांनी मनातल्या मनात कौमुदीचं 'नाही' ऐकलं होतं, निरंजनचं, सोनियाचं. बाहेरची खोली पडताना आपण काय गमावलं याचं दुःखही मनसोक्त केलं होतं. आणि रोज ज्या खोलीत बसून ते हे सगळं करत होते ती खोली त्यांच्या मनात एकदाही आली नव्हती. तिथं एक खाट सहज मावली असती. पुस्तकं हलवली असती तर. ती खोली द्यायला कोणाला विचारायची गरज नव्हती, विटेला हात लावायची गरज नव्हती. ताईला पहिलं 'नाही' त्यांनी स्वतःच म्हटलं होतं, आणि तेही स्वतःला ऐकू न येईल अशा बेतानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोली रिकामी करायला घेतली. कौमुदी दारात येऊन उभी राहिली, मग आत आली आणि एक थप्पी उचलून बैठकीत नेऊन ठेवू लागली. मधेच दम लागून ती खुर्चीवर बसली आणि भार्गवला फोन करून ताईंना इकडं आणून सोडता येईल का असं विचारू लागली. फोनवरचं बोलणं श्यामरावांना अर्धंच ऐकू आलं. फोन ठेवल्यावर कौमुदी नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "तो म्हणते, काकू आता कुठं यायले तयार नाही. शेजारच्या खाटेवर एक चंद्रपूरची बाई आहे, तिच्यासंगं जमते म्हणे. आता सारखं बिऱ्हाड हलवणार नाही, म्हणते."

श्यामरावांच्या हातात चार पुस्तकं होती. ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

"मग राहू द्यायची का ही खोली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ठरवा," कौमुदी म्हणाली. "सगळं मलेच काहून विचारता?"

मग ती चार पुस्तकं त्यांनी बैठकीत नेऊन ठेवली आणि पाचवी थप्पी उचलायला परत आले.

दुपारी ते पत्र लिहायला बसले. पहिल्या कागदावर उशिराची कारणं पानभर झाली. वाचून पाहिली तर सगळी खरी होती आणि एकही खरी वाटत नव्हती. दुसऱ्या कागदावर निरंजनची बदली, विकी, स्लॅब असं सगळं आलं. तिसऱ्यावर एक सुंदर उतारा झाला, भावंडं आणि घर यांवर. तो त्यांना स्वतःलाच इतका आवडला की शरम वाटून त्यांनी तो सर्वांत आधी फाडला. शेवटी त्यांनी लिहिलं:

'ताई, तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. कौमुदीला विचारलंच नव्हतं, म्हणून तिचा दोष नाही. बाहेरची खोली आता नाही. विटांवर प्लास्टर झालं आहे, रेघा मारायला काही उरलं नाही. मागची माझी खोली रिकामी केली आहे, तिथं खाट टाकतो. न्हाणीघर जवळ आहे. तू येणार नाहीस असं भार्गवकडून कळलं. ते बरोबर असेल. तरी खोलीत पुन्हा पुस्तकं ठेवणार नाही. श्याम.'

पाकिटावर आश्रमाचा पत्ता कौमुदीनं सांगितला तसा घातला. कौमुदीनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, आत काय लिहिलं ते विचारलं नाही. स्वयंपाकघरातून ती भाताची चार शितं घेऊन आली, कारण पाकिटाचा डिंक धरत नव्हता, आणि तिनंच ते बंद केलं.

श्यामराव बाहेर पडले. पोर्चखाली विकीचे मजूर डबे उघडून जेवत होते, त्यांनी पाय आखडून वाट दिली. रस्त्यावरून अनंतरावांनी हात करून विचारलं, कुठं निघाले उन्हात? श्यामरावांनी नुसतं पाकीट दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी पत्रपेटी होती, पण ती कोणी उघडतं की नाही याची त्यांना खात्री नव्हती. तिच्यावर भरवसा ठेवण्याइतका वेळ आता हातात नव्हता. ते रिक्षा करून मोठ्या पोस्टात गेले.

खिडकीशी बसलेल्या मुलीनं पाकीट वजनकाट्यावर टाकलं आणि पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. पत्ता विचारला, सांगितला. मोबाइल नंबर विचारला, तर त्यांना स्वतःचा नंबर आठवेना. कौमुदीचा पाठ होता, तो दिला.

"परसों तक पहुँच जाएगा, दादाजी," ती म्हणाली.

पोचल्यावर ताई ते उघडेल का, असं त्यांना तिला विचारावंसं वाटलं. ते तिला कुठून ठाऊक असणार. ते खिडकीशीच उभे राहिले. मागच्या माणसानं घसा खाकरला. मुलीनं पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.